सातवीनंतरचा रस्ता

एप्रिलमधली गोष्ट. भातसानगरहून माझ्या एका बालमित्राचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर त्याने एकदम विचारले, "नात चौथी झाली. आता पाचवीला कुठं घालू, सांग. तू बँकेत होतास, तुला हिशेब कळतो."

आम्ही दोघे एका शाळेतले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भातसा धरणाचे काम चालू होते आणि माझे वडील त्या कामावर कारकून होते. धरणावर काम करणाऱ्यांची मुले आणि आसपासच्या पाड्यांवरची मुले एकाच सतरंजीवर बसत. हा मित्र ठाकूर समाजातला. गणितात तो माझ्यापेक्षा हुशार होता. त्याच्या पाटीवरून मी कितीतरी उत्तरे उतरवली आहेत. शाळा सातवीपर्यंतच होती. सातवी झाल्यावर वडिलांनी मला शहापूरला नातेवाइकांकडे ठेवले. त्याला ठेवायला शहापुरात कोणी नव्हते. मी पुढे बँकेत अधिकारी झालो, निवृत्तीआधीच कादंबऱ्याही लिहू लागलो. तो जन्मभर मजुरी आणि भातशेती करत राहिला. त्यामुळे "कुठं घालू" हा त्याचा प्रश्न मला साधा वाटला नाही.

बँकेची सवय अशी सुटत नाही. कर्जप्रस्ताव तपासताना करत असू तसा मी एक तक्ता आखला. पट किती, शिक्षक किती, विज्ञान-गणिताला स्वतंत्र शिक्षक आहे का, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे का, पाणी, प्रयोगशाळा, शिष्यवृत्तीतली मुले, घरापासूनचे अंतर असे अकरा रकाने झाले. मग तीन शाळा ठरवल्या: एक जिल्हा परिषदेची, एक अनुदानित माध्यमिक विद्यालय आणि एक शासकीय आश्रमशाळा. नावे देत नाही, कारण दोष काढायला मी गेलो नव्हतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेने मला चकित केले. भिंती रंगवलेल्या, मुलांनी केलेली परसबाग, एका खोलीत मोठा पडदा. 'प्रथम' संस्थेचे कार्यकर्ते २००५ पासून 'असर'च्या पाहणीसाठी गावोगाव घरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला आणि भागाकार करायला देतात. तीच युक्ती मी वापरली. पाचवीतल्या बहुतेक मुलांनी उतारा घडघडा वाचला. एका मुलीने भागाकार करून बाकीसुद्धा पडताळून दाखवली. बाई तिच्याकडे अशा पाहत होत्या, की मला माझे जुने गुरुजी आठवले.

माध्यमिक विद्यालयात वर्ग भरगच्च होते. पाचवीतली काही मुले उताऱ्यावर अडखळली. मुख्याध्यापक प्रांजळपणे म्हणाले, "आमच्याकडे दहा पाड्यांची मुलं येतात. कुणाची तयारी आहे, कुणाची नाही. पहिले वर्ष त्यातच जाते." पण शाळा पाचवी ते दहावी, आणि प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप नव्हते.

आश्रमशाळेत राहणे, जेवण, पुस्तके सगळे सरकारी खर्चाने, आणि दहावीपर्यंत सोय. आदिवासी पाड्यांवरच्या कितीतरी मुलांना तोच एक आधार आहे. भात झोडून झाले की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मूल आश्रमशाळेत असेल तर त्याची शाळा निदान मोडत नाही. मात्र दहा वर्षांची मुलगी घर सोडून राहणार, हे मित्राच्या बायकोला पटेना.

तक्ता भरला, गुण दिले, बेरीज केली. जिल्हा परिषदेची शाळा पहिली आली. मी मोठ्या समाधानाने कागद मित्रापुढे ठेवला. त्याने तो निरखून पाहिला आणि विचारले, "ही शाळा कितवीपर्यंत?"

"सातवी."

"मग आपलीच शाळा की ही!" तो हसला. मी गप्प झालो. अकरा रकाने आखताना हा बारावा मला सुचला नव्हता. ज्याची वाट सातवीला संपली, त्यालाच तो दिसला.

सातवीच का, याला इतिहास आहे. इंग्रजी अमदानीत मराठी सातवीची 'व्हर्नाक्युलर फायनल' उत्तीर्ण झालेला माणूस शिक्षक किंवा तलाठी होऊ शके. जुनी माणसे 'फायनल झालेला' हे शब्द आदराने उच्चारत. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि सातवीची ती वेस कायम राहिली. पुढे फायनलची किंमत गेली, वेस तेवढी उरली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आठवीपर्यंतचे शिक्षण हा मुलांचा हक्क ठरला. सहावी ते आठवीची सोय घरापासून तीन किलोमीटरच्या आत असावी, असे नियम सांगतो. काही शाळांना आठवीचा वर्ग जोडला गेला, पण सातवीला संपणाऱ्या शाळा अजूनही आहेत. त्यात २०२३ साली सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्यासाठी प्रस्ताव मागवले. मोठ्या शाळेत सोयी जास्त असतील, हे खरे. पण डोंगरातल्या पाड्यावर शाळा लांब गेली, की पहिली गळते ती मुलगी.

मी पुन्हा त्या शाळेत गेलो. बाईंच्या परवानगीने दोन वर्षांपूर्वीचा पाचवीचा हजेरीपट घेतला आणि त्यातली नावे सातवीच्या हजेरीपटात शोधली. पाच नावे नव्हती. बाईंना पाचही तोंडपाठ होती. दोघे दाखला घेऊन दुसरीकडे गेले, एक आश्रमशाळेत. एक मुलगा आईबापांबरोबर भट्टीवर गेला तो परतलाच नाही. आणि एक मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिली. "मी दोनदा घरी जाऊन आले," बाई म्हणाल्या. या फेऱ्यांचा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो.

बँकेत एक गोष्ट मी शिकलो होतो. मार्चअखेर नवी खाती किती उघडली, याचे आकडे वर पाठवले जातात आणि कौतुक होते. पण शाखा खरी चालते ती चालू राहिलेल्या खात्यांवर. शाळांची तुलना करताना आपण पट मोजतो, शिष्यवृत्तीचे निकाल मोजतो. पाचवीत आलेल्या मुलांपैकी दहावीच्या परीक्षेला किती बसली, हे कोणी विचारत नाही. कारण सातवीला एक शाळा संपते, आठवीला दुसरी सुरू होते आणि मधल्या रस्त्यावरचे मूल कोणाच्याच वहीत नसते.

शिक्षकाच्या मनात आले तर काय होते, ते शेजारच्या मुरबाड तालुक्याने दाखवले आहे. फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन आज्या अक्षरे गिरवायला बसल्या. त्यांचे फोटो जगभर गेले, आपण कौतुकाने पाहिले. मला मात्र ते फोटो पाहताना वाटते, या आज्यांना लहानपणी शाळेत कोणी घातले असते तर? माझ्या मित्राच्या नातीने पाटी धरण्यासाठी आजी होईपर्यंत थांबायचे काय?

भातसाचे पाणी इथून निघते आणि मुंबईला पोचते. त्या महानगराला लागणाऱ्या पाण्यातला सर्वांत मोठा वाटा या एका धरणाचा. एवढे पाणी रोज मुक्कामी पोचवता येते, मग धरणाच्या कुशीतली मुलगी सातवीतून आठवीत पोचवणे अवघड का असावे? तक्ते करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, आणि माझ्यासारख्या हौशी हिशेबनिसांनीही, एवढा एक रकाना वाढवावा: इथून पुढे कुठे, आणि कसे जायचे? प्रत्येक सातवीच्या शाळेने आपली मुले नावानिशी आठवीच्या शाळेच्या हाती द्यावीत आणि जुलैत ती तिथे बसली आहेत ना, ते पाहावे. याला पैसा फार लागत नाही.

मित्राने नातीला माध्यमिक विद्यालयात घातले. माझ्या तक्त्यात दुसरी आलेली शाळा. मी म्हटले, "वर्गात गर्दी आहे रे. शिवाय सकाळची एस.टी. चुकली तर?"

"अभ्यासाचं तू बघ, फोनवर विचार तिला," तो म्हणाला. "एस.टी.चं मी बघतो."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी तिकडेच होतो. पाऊस लागला होता. थांब्यावर नात नव्या दप्तरासह उभी, आणि शेजारी डोक्यावर इरले घेतलेला माझा मित्र. एस.टी. आली, ती चढली, खिडकीतून तिने हात केला. गाडी वळणाआड गेली तरी तो तिथेच उभा होता.

"चल, चहा घेऊ," मी म्हटले.

"थांब जरा," तो म्हणाला, "परतीची गाडी किती वाजता, ते विचारून येतो."