कॉलेजच्या फॉर्मवरचा तो रकाना

बारावीचे निकाल लागले की घराघरांत दाखले, झेरॉक्स, फोटो नि फीच्या पैशांची जुळवाजुळव सुरू होते. या धांदलीत काही आयांचा हात मात्र फॉर्मवरच्या एका रकान्यापाशी अडतो. ‘दिव्यांगत्व आहे काय? असल्यास प्रकार.’ लेकीला एका कानानं कमी ऐकू येतं, किंवा एक डोळा अधू आहे, किंवा वाचताना अक्षरं घोटाळतात. आणि आई हळूच ‘नाही’वर खूण करते.

का करते, ते मला ठाऊक आहे, तुम्हांलाही ठाऊक आहे. उद्या मुलीचं लग्न ठरवायचंय. कॉलेजच्या कागदावर एकदा चढलं की पेठेत बातमी पोचायला कितीसा वेळ! मुलाची आई असेल, तर ‘त्याला वेगळा पाडतील’ ही भीती.

पण मैत्रिणींनो, मी अकरावी-बारावीच्या वर्गांवर अर्धवेळ शिकवते, तेव्हा दुसरी बाजूही सांगते. शाळेत एक वर्गशिक्षिका असते, तिला मूल ठाऊक असतं. आई मधल्या सुट्टीत भेटून येते, बाई पुढच्या बाकावर बसवतात, आणि न मागताच पुष्कळसं निभावतं. कॉलेजात वर्गात शंभर मुलं. शिकवणारा फळ्याकडे तोंड करून बोलला की ओठांवरून समजून घेणाऱ्या मुलीचा धागा तुटला. तिनं सांगितलेलंच नसेल, तर ती मंद नाहीतर बेपर्वा ठरते. पहिल्या चाचणीत मार्क घसरतात आणि घरी म्हणतात, ‘कॉलेजचं वारं लागलं!’

आता कायद्याचं बघा. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस झाले, आणि वाचन-लेखनातली अडचण, म्हणजे अध्ययन अक्षमता, त्यांत आली. (‘तारे जमीन पर’ २००७ साली आला तेव्हा कितीतरी आयांना डिस्लेक्सिया हा शब्द प्रथम कळला.) सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव असतात, वयातही पाच वर्षांची सवलत मिळते. परीक्षेला लेखनिक मिळू शकतो. जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तो तास काय करू शकतो, हे पेपर अर्धा सोडून रडत बाहेर आलेल्या मुलीला विचारा!

‘आमचं काही चाळीस टक्के भरत नाही’ म्हणून पुष्कळजणी गप्प बसतात. पण लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१मध्ये स्पष्टच सांगितलं, की लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही. राखीव जागा वेगळी, अभ्यासाची सोय वेगळी.

सांगितलं की सगळं सुरळीत होतं, असंही नाही हं. २०२१च्याच वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत मुंबईच्या एका केंद्रावर लेखनाची अडचण असलेल्या मुलीला जादा तास नाकारला. तिच्याकडे प्रमाणपत्र होतं, तरीही! ती न्यायालयात गेली. परीक्षा पुन्हा घ्यायला न्यायालयानं नकार दिला, पण तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य करून परीक्षा घेणाऱ्या संस्थेला त्यावर उपाय शोधायला लावला. हातात कागद होता म्हणून तिला भांडता तरी आलं.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं नाव तुम्ही वाचलं असेल. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या. तिथं दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकावर त्यांनी अभ्यास केला. आधी रेल्वेच्या सेवेत निवड होऊनही दृष्टीचं कारण सांगून नाकारलं, मग २०१६च्या परीक्षेत देशात १२४व्या येऊन त्या आय.ए.एस. झाल्या. जिद्द तर होतीच, पण तो बोलणारा संगणकही होता!

मग सांगायचं कुणाला? साऱ्या वर्गाला नव्हे. प्राचार्य, वर्गाच्या बाई आणि परीक्षा विभाग, एवढं पुरतं. कॉलेजचा फॉर्म म्हणजे काही वधूवर मंडळाची वही नाही! (लग्नाच्या वेळी वरपक्षापासून लपवू नये, असं माझं मत आहे, पण तो निराळा विषय.) आणि आधी लेकीला विचारा. तिची अठरा वर्षं झाली, तर कुणाला किती सांगायचं हे तिनंच ठरवावं. आपण बरोबर जावं, बोलू तिला द्यावं. ‘जरा सांभाळून घ्या’ असं मोघम बोलून काही होत नाही. ‘मला उजव्या कानानं कमी येतं, उजवीकडच्या पुढच्या बाकावर बसू द्या, टिपणं आधी द्या,’ असं नेमकं सांगितलं की शिकवणाऱ्यालाही बरं पडतं. आमच्यातल्या बहुतेकांना मदत करायची असते, काय करावं तेच कळत नसतं.

प्रमाणपत्रासाठी केंद्राच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. तपासणी सरकारी रुग्णालयात होते, पुण्यात ससूनला. खेपा पडतात, तेव्हा निकालाची वाट न बघता सुट्टीतच सुरुवात करा. अध्ययन अक्षमतेचं शाळेतलं प्रमाणपत्र जपून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. २०१८च्या केंद्रीय सूचनांत चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी सांगितली होती. लेखनिक, जादा वेळ यांची परवानगीही परीक्षेच्या आदल्या दिवशी मिळत नाही. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच द्या.

आणि कॉलेजनं दाद दिलीच नाही, तर आपण पुणेकर या बाबतीत नशीबवान. साऱ्या राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या कॅम्पातच, चर्च रस्त्यावर आहे. तक्रार लेखी द्या, शिक्क्याची पोच मागून घ्या आणि ती दाखल्यांच्याच फाइलीत लावून ठेवा.