तोफगोळ्याची पुंगळी वाचताना

युरोपातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात पहिल्या महायुद्धातल्या पितळी फुलदाण्या आजही मिळतात. अंगावर ठोकून काढलेली पानंफुलं आणि मधोमध कोरलेलं 'ईप्र १९१५'. विकणारा सांगतो, बेल्जियममधल्या त्याच लढाईत उडालेल्या गोळ्याची ही. अशी फुलदाणी आधी उलटी करावी. बुडावर १९१७ साल उमटलेलं असेल, तर त्या कहाणीत अर्थ उरत नाही. १९१५ च्या लढाईत दोन वर्षांनंतर घडलेलं पितळ असणार कुठून? युद्ध संपल्यावर रणभूमी पाहायला येणाऱ्यांसाठी अशा आठवणवस्तू भरपूर बनवल्या गेल्या. कोरलेलं नाव कुणीही, केव्हाही कोरू शकतं. बुडावरचा ठसा मात्र कारखान्यातला.

लोक ज्याला सरसकट 'तोफेचा गोळा' म्हणतात, तो बहुतेक वेळा गोळा नसतोच. ती असते रिकामी पुंगळी. गोळा शत्रूच्या दिशेनं निघून जातो. त्याला ढकलणारी दारू जिच्यात भरलेली असते ती पुंगळी तोफेपाशीच पडते. ती पितळेची करण्यामागे कारण आहे. साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताचं हे पितळ स्फोटाच्या दाबानं क्षणभर फुगून तोफेच्या नळीला घट्ट बसतं, त्यामुळे मागून वायू निसटत नाही. दाब ओसरला की ते आक्रसतं आणि पुंगळी बाहेर ओढता येते.

ओळख पटवायची सुरुवात मोजपट्टीनं करावी. तोंडाचा आतला व्यास आणि उंची, एवढ्यावर अर्धं काम होतं. ब्रिटिशांच्या १८-पौंडी तोफेची पुंगळी सुमारे ८४ मिलिमीटर व्यासाची आणि २९५ मिलिमीटर उंच. फ्रेंचांच्या प्रसिद्ध ७५ मिलिमीटर तोफेची ३५० मिलिमीटर उंच. जर्मनांच्या ७७ मिलिमीटर मैदानी तोफेची त्याहून बरीच आखूड, २२७ मिलिमीटर. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ८८ मिलिमीटर विमानवेधी तोफेची पुंगळी तर ५७१ मिलिमीटर, म्हणजे जवळपास दोन फूट. फुलदाणी किंवा राखदाणी करताना पुष्कळ पुंगळ्या कापल्या गेल्या आहेत, त्यामुळे उंची फसवू शकते. बुडाची कड सहसा शाबूत असते.

मग बूड वाचायचं. ब्रिटिश पुंगळीवर '१८ पीआर' असा तोफेचा उल्लेख असतो. त्याच्या जोडीला नमुन्याचा रोमन आकडा, कारखान्याची आद्याक्षरं, गट क्रमांक आणि साल. 'आरएल' म्हणजे वुलिचची रॉयल लॅबोरेटरी, 'ईओसी' म्हणजे एल्सविक ऑर्डनन्स कंपनी. रुंद टोकाचा लहानसा बाण दिसला, तर तो सरकारी मालकीचा शिक्का. 'सीएफ' ही अक्षरं कॉर्डाइट दारूचा पूर्ण भार सांगतात. याच जागी पुंगळीचा सगळ्यात बोलका इतिहास सापडतो. उडालेल्या पुंगळ्या गोळा करून मागे पाठवत, पुन्हा तापवून आकारात आणत आणि पुन्हा भरत. जादा ठसे आणि खोडलेले जुने ठसे दिसले, तर ती एकाहून अधिक वेळा तोफेत गेली असं समजावं.

जर्मन पुंगळी अधिक मोकळेपणानं बोलते. पहिल्या महायुद्धातल्या अनेक पुंगळ्यांवर गावाचं नाव, कारखाना, महिना आणि वर्ष असं सगळं मिळतं; 'कार्ल्सरूह', 'पोल्टे माग्डेबुर्ग' ही नावं वारंवार येतात. दुसऱ्या महायुद्धात मात्र शत्रूला कारखाना ओळखता येऊ नये म्हणून नावांऐवजी सांकेतिक अक्षरं आली, पोल्टेसाठी 'एयूएक्स'. शिवाय पुंगळीचा आराखडा क्रमांकही छापत. ८८ मिलिमीटर विमानवेधी तोफेचा तो ६३४७. त्यापुढे 'एसटी' असेल, तर पुंगळी पोलादाची आहे. तांब्याच्या टंचाईनं जर्मनीला पितळ सोडावं लागलं होतं. फ्रेंच पुंगळीवर '७५ डीई सी' एवढं दिसलं तरी पुरे: पंचाहत्तर मिलिमीटर, मैदानी तोफ.

या विद्येला महाराष्ट्राचंही एक पान आहे. १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या बंदुकीच्या काडतुसांच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरं आणि ब्रिटिश काळातल्या कित्येकांवर त्यांच्या मधोमध तोच बाण आढळतो. दूर कुठल्या देशातल्या संग्रहात असं काडतूस निघालं, तरी ते पुण्याच्या शेजारी बनलं हे त्या दोन अक्षरांवरून कळतं.

बुडावरचं साल हे बनवल्याचं साल, उडवल्याचं नव्हे. कुठल्या मोर्च्यावर ती पुंगळी गेली, हे बूड सांगत नाही. दुर्मीळ म्हणून जादा किंमत मागणाऱ्यालाही एक आकडा ऐकवावा: एकट्या पश्चिम आघाडीवर १८-पौंडी तोफांनी सुमारे दहा कोटी गोळे डागले. ठसे पुसट असतील, तर तिरप्या उजेडात फोटो काढावा किंवा पातळ कागद ठेवून पेन्सिल घासावी. ब्रासो आणि चिंच लावून लखलखीत करण्याचा मोह टाळावा. दरवेळी घासताना थोडं थोडं अक्षरच झिजतं.

हे सगळं रिकाम्या पुंगळीचं झालं. बुडाच्या मध्यावर दारू पेटवणारा प्रायमर असतो. त्यावर आघाताचा खड्डा नसेल, तर तो जिवंत आहे असंच धरावं. वर गोळा बसलेला असेल किंवा नुसता गोळा सापडला असेल, तर ठसे वाचायला जवळ जाऊच नये. गोळ्याच्या तांब्याच्या पट्ट्यावरच्या खाचा तो डागला गेल्याचं सांगतात, फुटल्याचं नव्हे. डागून न फुटलेला गोळा सर्वांत धोकादायक. बेल्जियममध्ये शंभर वर्षांनंतरही नांगराखाली असे गोळे निघतात आणि सैन्याचं पथक ते उचलून नेऊन निकामी करतं. आपल्याकडेही लष्करी सराव क्षेत्रांच्या आसपास भंगाराच्या पैशांसाठी गोळे उचलताना आणि फोडताना माणसांचे जीव गेले आहेत. शेतात, भंगारात किंवा आजोबांच्या ट्रंकेत अशी वस्तू आढळली, तर तिला हात न लावता लांबून फोटो काढा आणि ११२ वर पोलिसांना कळवा. बॉम्बशोधक व नाशक पथकानं ती निर्धोक ठरवल्यावर मग बूड वाचायला बसा.