सेवेचे तास आणि मिठीकाठचे वन

मुंबईत धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. आज जेथे दाट सावली आहे, तेथे पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे. त्या भूमीवर माती पसरून वृक्ष जोपासले गेले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.

अशा उद्यानांत विद्यार्थ्यांच्या सेवाभावी हातांना पुष्कळ काम असते. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा द्यावयाची असते. तण उपटणे, रोपांना आळी करणे, पालापाचोळ्याचे खत करणे ही त्यांतील साधी कामे होत.

खाडीकाठचे काम मात्र अवघड. भरतीबरोबर आलेले प्लास्टिक तिवरांच्या श्वसनमुळांत गुंतते. मुळांना हवा न मिळाल्यास झाड खंगते. आज स्वच्छ केलेला काठ उद्याची भरती पुन्हा भरून टाकते. मग या श्रमांचे फलित काय, असे पालक विचारतात.

फलित हे की, चिखलातून पिशवी वेचणारा विद्यार्थी ती कोठून आली याचा विचार करू लागतो. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. आपली कुटुंबे व्यापारी. घरी परतलेल्या मुलामुलींनी दुकानातील पिशव्यांविषयी विचारले, तर वडीलधाऱ्यांनी रागावू नये; गल्ल्याशेजारी कापडी पिशव्या ठेवून त्यांना उत्तर द्यावे.