लांब पल्ल्याची मोटारसायकल आणि उपनगरातला स्वार

मुंबईच्या उपनगरांतून बाहेर पडण्याचे दोन राजमार्ग आहेत. अंधेरी, गोरेगाव, बोरिवली ही वस्ती ओलांडून दहिसरच्या नाक्याकडे जाणारा पश्चिम द्रुतगती मार्ग आणि शीवपासून घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड असा ठाण्याकडे धावणारा पूर्व द्रुतगती मार्ग. हे दोन्ही रस्ते आठवडाभर नोकरदार माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा पाहतात. परंतु रविवारी पहाटे तेच मोकळे असतात आणि कसारा, माळशेज, ताम्हिणी किंवा खोपोलीचा बोरघाट यांच्या दिशेने निघालेल्या मोटारसायकलींच्या लहान लहान तुकड्या त्यांवरून जाताना दिसतात. या तुकड्यांत बुलेट असते, खडकाळ वाटांसाठी बनविलेली उंच गाडी असते, आणि या दोहोंहून निराळ्या प्रकृतीची स्पोर्ट टूररही असते. वेग आणि लांबचा प्रवास यांचा मेळ घालण्यासाठी घडविलेल्या या वाहनाविषयी आपल्याकडे कुतूहल पुष्कळ असले, तरी ते कसे चालवावे, कसे राखावे आणि त्यात कोणते फेरफार करावेत याचा विचार मात्र थोडेच लोक करतात.

तिचे स्वरूप समजून घ्यायचे तर तिच्या भावंडांकडे पाहावे. शर्यतीच्या मोटारसायकलीवर स्वाराला पेट्रोलच्या टाकीवर ओणवे व्हावे लागते आणि शे-सव्वाशे किलोमीटर कापल्यावर मनगटे व मान बोलू लागतात. उलटपक्षी, आरामखुर्चीत रेलल्याप्रमाणे पाय पुढे पसरून जिच्यावर बसायचे, ती क्रूझर सरळ रस्त्यावर सुखाची असली तरी घाटाच्या लागोपाठच्या वळणांवर जड वाटते. स्पोर्ट टूररची बैठक या दोहोंच्या मधली असते: पाठ किंचित पुढे, कोपरे सैल, गुडघे टाकीला टेकलेले. इंजिन समर्थ, ब्रेक आणि सस्पेन्शन भरवशाचे आणि समोर वारा कापणारे फेअरिंग. हे फेअरिंग शोभेसाठी असते असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या छातीवर वाऱ्याचा जोर चौपट होतो, आणि तो दिवसभर सोसणे हे त्याच्या थकव्याचे एक प्रमुख कारण ठरते. जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू. कंपनीने इटलीतील पिनिनफारिना यांच्या वात-बोगद्यात फेअरिंगची पारख करून १९७६ साली 'आर १०० आर.एस.' ही गाडी बाजारात आणली, ती याच जाणिवेतून.

आपल्याकडे मध्यमवर्गीयाच्या ऐपतीत या प्रकृतीची गाडी आली ती २००३ साली, हीरो होंडाच्या २२३ सीसीच्या करिझ्माच्या रूपाने. २००७ साली बजाजची पल्सर २२० आली. आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्याच कंपनीने ३७३ सीसीचे द्रवशीतित इंजिन असलेली डॉमिनार ४०० सादर केली. पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीची जुळणी स्त्री-कामगारांच्या हाती सोपविण्यात आली होती, ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. लांब पल्ल्याचे वाहन ही परदेशातून येणारी चैनीची वस्तू आहे, हा जुना समज या मराठी मुलखातल्या गाडीने बराच दूर केला.

अशा गाडीचे मोजमाप बहुधा तिच्या कमाल वेगावरून केले जाते. माझ्या मते तिची कसोटी वेगळी आहे: संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर स्वाराच्या अंगात किती त्राण उरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा निघण्यास किती सिद्ध आहे. चालविणे, राखणे आणि सजविणे या तिन्ही बाबींचा निवाडा या एकाच कसोटीवर करता येतो.

प्रथम चालविण्याचा विचार करू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर दुचाकीला मुभा नाही. त्यामुळे उपनगरातल्या स्वाराच्या वाट्याला पनवेल, चौक, खोपोली असा जुना रस्ता किंवा कल्याण, मुरबाड, टोकावडे या मार्गाने माळशेज असे जिवंत रस्ते येतात, ज्यांवर ट्रक, एस.टी., बैलगाडी आणि गुरे यांचा सारखाच हक्क असतो. येथे दृष्टी हेच स्वाराचे मुख्य साधन. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतरचे थांबण्याचे अंतर चौपट होते. म्हणून घाटातले वळण येण्यापूर्वी, गाडी सरळ उभी असतानाच वेग कमी करावा, गिअर उतरवावा, वळण जिथे संपते तिकडे नजर लावावी आणि थ्रॉटल हलकेच उघडीत वळणातून बाहेर पडावे. उजव्या वळणावर उजवी मूठ किंचित पुढे ढकलली की गाडी उजवीकडे झुकते. नवख्याला हे उलटे वाटते, पण रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगात याचा सराव केला की वळणाचे भय निघून जाते. १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. सक्तीचे झाले आहे. त्यामुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. मात्र वाळू किंवा ओल्या पानांवर टायरची पकडच सुटली, तर ही यंत्रणाही फारसे काही करू शकत नाही.

राखण्याच्या बाबतीत सर्वाधिक उपेक्षा होते ती चेनची. हे काम इमारतीच्या पार्किंगमध्ये अर्ध्या तासात होते. फेरफटका मारून आल्यावर गाडी पॅडॉक स्टँडवर चढवावी, इंजिन बंद करून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि मागचे चाक केवळ हाताने फिरवावे. इंजिन चालू ठेवून चेन पुसण्याच्या नादात बोटे गमावल्याची उदाहरणे आहेत. केरोसीन किंवा चेन क्लीनर लावून मऊ ब्रशने काळा चिखल काढावा. तारेचा ब्रश लावल्यास दुव्यांमधील रबरी कड्या कापल्या जातात आणि आतले ग्रीस बाहेर पडते. चेन कोरडी पुसून तिच्या आतल्या बाजूने वंगण सोडावे, म्हणजे चाक फिरताना ते आपसूक बाहेर पसरते. मग खालच्या पदराच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून ढील पाहावी. ती किती असावी हे मालक-पुस्तिकेत दिलेले असते. मागे सामान आणि सोबती बसवून निघायचे असेल, तर फार ताणलेली चेन सैल चेनइतकीच घातक ठरते.

मुंबईची हवा खारी आणि पावसाळा चार महिन्यांचा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे उताराच्या घाटात ते तापले की त्यात वाफ होऊन ब्रेक लिबलिबीत होतो. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. शहरात सदैव सरळ चालणाऱ्या गाडीचा मागचा टायर मध्यावर झिजून चपटा होतो आणि घाटात झुकताना अडखळतो. म्हणून प्रवासापूर्वी हवेबरोबर टायरचा आकारही पाहावा, आणि हवा तपासायची ती टायर थंड असताना. अंधेरीच्या सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडले, तर पुन्हा स्टार्टर मारू नये: पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते शिरलेले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलीत बाहेर काढून मिस्त्रीच्या स्वाधीन करणे हाच शहाणपणा.

आता फेरफारांविषयी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२व्या कलमान्वये निर्मात्याने नोंदविलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा दंडक अधोरेखित केला. अंधेरी, बोरिवली किंवा वडाळा, गाडीची नोंद कोणत्याही परिवहन कार्यालयाच्या दप्तरी असो, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. कर्कश सायलेन्सर कायद्याच्या विरुद्ध तर आहेच. शिवाय सहा तास तो आवाज कानांवर घेणारा स्वार इतरांच्या आधी स्वतःच दमतो. उलट, जे बदल शरीराला आराम देतात त्यांत खर्च करावा: उंच वायझर, चांगल्या स्पंजाची सीट, हँडगार्ड, लेग गार्ड, मोबाइलसाठी चार्जर. डॉमिनारच्या निर्मात्यांनी २०२१ साली अशी साधने कारखान्यातूनच बसवून देण्यास आरंभ केला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. जादा दिवे लावताना फ्यूज आणि रिले यांची तजवीज करावी, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार नाहीत असा त्यांचा कोन ठेवावा. जड सामान खाली व मध्याजवळ, हलके वर. मागच्या उंच डब्यात जड वस्तू कोंबल्या की पुढचे चाक हलके होऊन हँडल थरथरू लागते. आणि या सर्वांच्या आधी पैसा घालावा तो आय.एस.आय. चिन्हाच्या हेल्मेटमध्ये, जाकिटात, हातमोज्यांत आणि घोटा झाकणाऱ्या बुटांत.

उपनगरवासीयाच्या सफरीतील सर्वांत अवघड टप्पा घाटात नसतो. तो परतताना, कल्याण आणि ठाण्याच्या संध्याकाळच्या कोंडीत किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या अवजड वाहनांच्या रांगेत येतो. सकाळचा उत्साह तोवर मावळलेला असतो, प्रकाश कमी होत असतो आणि बहुतेक चुका तेव्हाच घडतात. यास्तव दुपारचे जेवण झाले की परतीचा रस्ता धरावा, दर दीड-दोन तासांनी उतरून पाणी प्यावे आणि शेवटच्या तीस किलोमीटरसाठी शक्ती व लक्ष राखून ठेवावे. स्पोर्ट टूररची बैठक, तिचे फेअरिंग, तिचे ब्रेक, घरी मन लावून साफ केलेली चेन आणि विचारपूर्वक बसविलेले सामान, या सगळ्यांचे फळ माळशेजच्या वळणांवर जेवढे मिळते, त्याहून अधिक मुलुंडच्या नाक्यावर मिळते. तेथे जो स्वार सावध आणि ताजा असतो, त्यालाच आपली गाडी खऱ्या अर्थाने चालविता येते असे मी मानतो.