अकरावा पत्ता

रीलवरच्या झगमगत्या ट्रिक्सच्या नादात आपण एक घरगुती जादू 'जुनी झाली' म्हणून सोडून दिली. तीच परत हातात घेतली तर?

एकवीस पत्ते. तीन उभ्या रांगा. 'एक पत्ता मनात धर. आता फक्त सांग, कुठल्या रांगेत आहे?'

वाचलंत आणि लगेच म्हणालात ना, 'हॅ, ही तर मलाही येते'? येतच असणार. उन्हाळ्याच्या सुट्टीत लाइट जायची, बदाम सात आणि मेंढीकोट खेळून कंटाळा यायचा आणि मग घरातला एखादा काका, मामा किंवा शेजारचा दादा पत्ते हातात घेऊन हेच सुरू करायचा. आमच्याकडे मामा होता. सांगलीला, एसटीत कंडक्टर. तिकिटं फाडून फाडून सरावलेली बोटं. पत्ते पिसायला लागला की नुसता फर्रर्र आवाज ऐकत बसावंसं वाटायचं. त्याला जादू एकच यायची, हीच.

मी चौदा वर्षांची असताना मामेबहिणीचा साखरपुडा झाला. आदल्या रात्री मुलाकडची मंडळी गच्चीवर बसली होती. सगळे जरा अवघडलेले. मामानं खिशातून कॅट काढला, होणाऱ्या जावयाला पत्ता धरायला लावला, तीनदा रांगा मांडल्या आणि शेवटी एकेक पत्ता टाकत मोजायला लागला. सात... आठ... नऊ... आणि मी ओरडले, 'अकरावा! दर वेळी अकरावाच असतो! सांगितलेली रांग मध्ये ठेवतो ना तो!'

सगळे हसले. मामाही हसला. पत्त्यांना रबरबँड लावला आणि खिशात ठेवले. त्यानंतर आठ वर्षांत मी त्याच्या हातात ते एकवीस पत्ते पाहिले नाहीत.

दोन पत्ते आहेत ना हातात?

हे सगळं मी विसरून गेले होते. या वर्षी कॉलेजच्या फ्रेशर्स पार्टीत 'काहीतरी कर' म्हणून माझं नाव कुणीतरी परस्पर देऊन टाकलं आणि मी पत्त्यांच्या जादूच्या मागे लागले. सुरुवात अर्थात रील्सपासून. दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलायचे, वरचा बदलला असं भासवायचं. याला डबल लिफ्ट म्हणतात आणि पंधरा सेकंदांच्या व्हिडिओत ते फार सोपं दिसतं. मी दोन आठवडे आरशासमोर घासलं. प्रत्यक्षात कॅन्टीनमध्ये रंगीत तालीम करताना घामानं बोटं ओली झाली, दोन पत्त्यांमध्ये फट पडली आणि फर्स्ट इयरची एक मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, 'ताई, दोन पत्ते आहेत ना हातात?'

हातचलाखी वाईट नाही. पण ती महिन्यांचा, खरं तर वर्षांचा सराव मागते आणि माझ्याकडे होते नऊ दिवस. म्हणून मी हातचलाखी न लागणाऱ्या ट्रिक्स शोधायला लागले. लायब्ररीत मार्टिन गार्डनर यांचं 'मॅथेमॅटिक्स, मॅजिक अँड मिस्टरी' हे १९५६ सालचं पुस्तक मिळालं. त्यात नंतर कुणाचा खेळ भेटावा? मामाचाच!

म्हणजे त्याचा थोरला भाऊ म्हणा. एकवीसऐवजी सत्तावीस पत्ते. जोसेफ जर्गोन या फ्रेंच गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी यावर लिहून ठेवलंय. आणि आम्ही त्याला 'मामाचं तेच तेच' म्हणत होतो.

चूक पत्त्यांची नाही

ही जादू घिसीपिटी का झाली? मला वाटतं, आपण ती चुकीच्या ठिकाणी संपवतो म्हणून.

आधी कृती बघू. एकवीस पत्ते घ्या. आडव्या ओळीत तीन-तीन करत उताणे मांडत जा, म्हणजे सात-सात पत्त्यांच्या तीन उभ्या रांगा तयार होतील. समोरचा मनात एक पत्ता धरतो आणि फक्त रांग सांगतो. ती रांग बाकीच्या दोन रांगांच्या मध्ये ठेवून पत्ते गोळा करा. परत तसंच मांडा, परत विचारा, परत मध्ये. मग तिसऱ्यांदा मांडा. पहिल्या उत्तरानंतर एकवीसपैकी सात पत्ते उरतात. दुसऱ्या मांडणीत त्या सातांची तीन रांगांत वाटणी होते, त्यामुळे दुसऱ्या उत्तरानंतर जास्तीत जास्त तीन उरतात. तिसऱ्या मांडणीत हे तीन एकेका रांगेत जातात, प्रत्येकी बरोब्बर मधोमध. म्हणून तिसरं उत्तर आलं की एकच पत्ता उरतो. आकडेमोड एवढीच.

आता गंमत बघा. सगळे तिसऱ्या उत्तरानंतरही पत्ते गोळा करतात आणि अकरा मोजतात. मोजणं आलं की समोरच्याच्या डोक्यात 'अच्छा, गणित आहे' हा दिवा पेटतो. पण तिसऱ्यांदा रांग सांगितली त्या क्षणी तुम्हाला पत्ता कळलेला असतो! त्या रांगेतला चौथा. मोजायची गरजच नाही. एक ओझरती नजर टाका, पत्ता लक्षात ठेवा आणि सगळे पत्ते समोरच्याच्या हातात देऊन म्हणा, 'पिस. हवे तेवढे पिस.'

इथे खेळ बदलतो. त्यानं स्वतः पिसलेत, आता अकरावा-बिकरावा काही उरलं नाही. ज्याला 'गुपित' माहीत आहे तोही गोंधळतो, कारण त्याला माहीत असलेला शेवट घडतच नाही. मग पत्ते पसरा, त्याचं मनगट हलकेच धरा, त्याचा दुसरा हात पत्त्यांवरून फिरवा आणि घाई न करता थांबा. ट्रिक तीच, पण आता ती पत्त्यांची राहिली नाही, त्या माणसाची झाली.

आणखी दोन गोष्टी मी मार खाऊन शिकले. मांडताना पत्त्यांकडे टक लावून बघू नका, माणसाकडे बघा. आणि 'परत कर ना' म्हटलं तरी त्याच माणसाला लगेच परत दाखवू नका. दुसऱ्या वेळी तो जादू बघत नसतो, तपास करत असतो.

ताईंची बदाम राणी

फ्रेशर्स पार्टी बरी गेली. खरी परीक्षा झाली ती आमच्या मेसमध्ये. दुपारी तीनची वेळ, गर्दी ओसरलेली. पोळ्या करणाऱ्या ताई पाय मोकळे करून बसल्या होत्या. वर्षभर त्यांच्या हातचं खातेय, पण 'एक पोळी वाढा' याच्या पलीकडे आमचं बोलणं नव्हतं. मी विचारलं, 'ताई, एक गंमत दाखवू?'

पीठ लागलेल्या हातांनी त्यांनी पत्ते पिसले. मी मनगट धरलं. बदाम राणीवर हात आला तेव्हा थांबले. ताई दोन सेकंद गप्प. मग तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की आतून मालक बघायला आले. त्यानंतर पाऊण तास त्या बोलत होत्या: गाव, नवरा, बारावीला बसलेला मुलगा. पत्रकारिता शिकताना मुलाखत कशी घ्यायची यावर आम्हाला अख्खा पेपर आहे. त्या पाऊण तासात मी फारसं काही विचारलंच नव्हतं.

आणि मग त्या एकदम गंभीर झाल्या. 'माझ्या पोराचं पास-नापास बघ ना गं.'

माझ्या पोटात गोळा आला. मी त्यांना तिथेच सांगितलं, 'ताई, मला काही दिसत नाही. हे गणित आहे.' आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आधी 'चमत्कार' करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्ती सांगतात. ते का करतात हे मला त्या दुपारी कळलं. जादू दाखवा, मनसोक्त दाखवा, पण 'माझ्याकडे शक्ती आहे' असं चुकूनही भासवू नका. समोरचं माणूस किती खरं धरेल याचा आपल्याला अंदाज नसतो.

आणखी दोन विसरलेल्या

एकवीसचा हात बसला की या दोन बघा. दोन्हींना हातचलाखी शून्य.

पहिली, जर्गोनचे सत्तावीस पत्ते. समोरच्याला मनात पत्ता धरायला सांगा आणि १ ते २७ मधला एक आकडा विचारा. आपल्या वयाच्या मित्रमंडळींना थेट वय विचारलं तरी चालतं. त्याचा पत्ता त्याच आकड्यावर निघणार! पालथ्या गड्डीतून एकेक पत्ता वरून काढत तीन रांगांत उताणे मांडायचे. गोळा करताना प्रत्येक रांगेतला क्रम मोडू द्यायचा नाही आणि शेवटी सगळी गड्डी पालथी करायची. हे तीनदा. आकड्यातून एक वजा करा आणि त्यात नऊ किती, तीन किती, सुटे किती ते बघा. माझं वय २२, वजा एक २१. म्हणजे दोन नऊ, एक तीन, सुटे शून्य. शून्य म्हणजे सांगितलेली रांग वर, एक म्हणजे मध्ये, दोन म्हणजे खाली (गड्डी पालथी केल्यावरचं वर-खाली). आधी सुट्यांचं, मग तीनचं, शेवटी नऊचं. म्हणून २२ साठी: वर, मध्ये, खाली. वहीत दोन-चार आकडे सोडवून बघा, चटकन बसतं.

दुसरी, गिलब्रेथचं तत्त्व. नॉर्मन गिलब्रेथ या अमेरिकन माणसानं ते १९५८ मध्ये मांडलं. आधीच एक लाल, एक काळा असा अख्खा कॅट लावून ठेवा. समोरच्याला साधारण निम्मे पत्ते एकेक करून टेबलावर टाकायला सांगा. मग या दोन गड्ड्या त्यानंच एकदा एकमेकींत मिसळायच्या. आपण घरी हातात पिसतो तसं मात्र नाही. दोन्ही गड्ड्यांच्या कडा समोरासमोर धरून एकमेकींत सरकवायच्या. आता वरून दोन-दोन पत्ते काढा: प्रत्येक जोडीत एक लाल, एक काळा. सव्वीसच्या सव्वीस जोड्या! पहिल्यांदा केलं तेव्हा मीच दोनदा तपासलं.

यात करिअर आहे का, असं विचारणाऱ्यांसाठी: पर्सी डायकॉनिस हा मुलगा चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या नामांकित जादूगाराबरोबर फिरायला निघून गेला. पुढे तो स्टॅनफर्डमध्ये गणित आणि संख्याशास्त्राचा प्राध्यापक झाला. बावन्न पत्ते नीट मिसळायला अशा साधारण सात फेऱ्या लागतात, हे त्यानं आणि डेव्ह बायर यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं. चौदाव्या वर्षी मी काय केलं होतं, ते वर आलंच आहे.

मग तू का फोडलंस?

तुम्ही म्हणाल, मामाचं गुपित फोडलं म्हणून हळहळतेस आणि इथे पेपरात सगळं छापतेस?

बरोबर आहे. पण हे सगळं कधीपासून पुस्तकांत आहे. आणि स्वतः पत्ते हातात घेऊन बसणार आहे त्याला सांगणं वेगळं, दुसऱ्याच्या हातात पत्ते असताना ओरडणं वेगळं. चौदाव्या वर्षी मला वाटलं, मला जादू येते. मला फक्त अकरा हा आकडा येत होता. जादू मामाला येत होती. अवघडलेल्या लोकांनी भरलेली गच्ची त्यानं एका कॅटवर सैल केली होती.

गेल्या महिन्यात सांगलीला गेले. मामा आता रिटायर झालाय. ताई माहेरी आली होती, तिची सहा वर्षांची लेक मामाच्या मांडीवर. मी पत्ते काढले. सत्तावीस मोजून घेतले.

'मामा, एक पत्ता मनात धर. आणि एक ते सत्तावीसमधला एक आकडा सांग.'

त्यानं पत्त्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

'चौदा.'

वजा एक तेरा. एक नऊ, एक तीन, एक सुटा. मध्ये, मध्ये, मध्ये. म्हणजे हुबेहूब त्याचीच जादू. मी जी हालचाल करणार होते, ती त्यानं माझ्या जन्माच्या आधीपासून केली होती. कॅन्टीनमध्ये सुटला नव्हता एवढा घाम मला सुटला. पण आता मागे फिरता येत नव्हतं. तीनदा मांडले, तिन्ही वेळा त्याची रांग मध्ये ठेवली. तो माझ्या हातांकडे बघत होता. चौदावा पत्ता उलटला. किलवरचा गुलाम.

'हाच,' मामा म्हणाला.

छोटी मांडीवरून उडालीच. 'आबा, कसं केलं मावशीनं? तुला माहितीये?'

मामानं माझ्याकडे बघितलंही नाही. 'मला नाही बा माहीत,' म्हणाला.

मग त्यानं पत्ते पुढ्यात ओढले. सहा पत्ते बाजूला काढून ठेवले, उरलेले फर्रर्र करून पिसले आणि छोटीला समोर बसवलं. 'एक पत्ता मनात धर. कुणाला सांगू नको हां.'

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. फक्त ओरडू नका.