वक्फ आणि नाशिकची अक्षयनीवी

रमजान ईदच्या नमाजापूर्वी फित्र्याचे दान गरजूंच्या हाती पोचते व त्यांचा सण गोड होतो. परंतु मशिदीची दिवाबत्ती, इमामांचे वेतन आणि मदरशातील मुलांचे अध्ययन वर्षभर चालावयाचे असते. त्याकरिता इस्लामी परंपरेने वक्फाची योजना केली. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ रोखून ठेवणे. अर्पिलेली मिळकत वारसांकडे जात नाही. तिचे उत्पन्न तेवढे सत्कार्यी लागते. मुतवल्ली हा तिचा व्यवस्थापक, मालक नव्हे.

नाशिककरांस ही कल्पना परकी वाटू नये. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न सरणारी ठेव, गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवली. पैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक व्याज होते. वर्षाचे २४० झाले. वीस भिक्षूंस वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा! मुद्दल परत द्यावयाचे नव्हते. हे दान निगमसभेत ऐकविले गेले व त्याची रीतसर नोंदही झाली.

मुद्दल सुरक्षित, उत्पन्न निश्चित आणि नोंद उघड, या तीन खुणांवर आजचे वक्फ तपासावेत. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार देशात ४.९ लाखांहून अधिक वक्फ मिळकती व सुमारे ६ लाख एकर जमीन होती. बाजारभावाने मूल्य १.२ लाख कोटी रुपये, वार्षिक उत्पन्न मात्र सुमारे १६३ कोटी. म्हणजे शंभर रुपयांमागे वर्षाकाठी चौदा पैसे! अतिक्रमणे, जुनी नाममात्र भाडी आणि रेंगाळलेले दावे यांत मुद्दल अडकून पडते, आणि झळ पोचते ती शिकणाऱ्या मुलास.

१९९५ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात २००२ साली वक्फ मंडळ स्थापन झाले. २०२५ च्या दुरुस्तीवरून मोठा वाद झाला व तो सर्वोच्च न्यायालयात गेला. कायद्याचा निवाडा न्यायालय करील. तथापि भाडे बाजारभावाने घेणे, हिशेब वेळेवर तपासून घेणे आणि तो जमातीपुढे वाचून दाखविणे, यांसाठी कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. दाता गेला तरी त्याचा संकल्प चालू राहावा, हीच वक्फाची प्रतिज्ञा आहे. ती पाळण्याचे दायित्व मागे राहिलेल्यांचे आहे.