पडद्यावरचा मोटार कारखाना

माझी पहिली मोटार कंपनी १९५३ साली बुडाली. माझा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला. यात छपाईची चूक नाही. कंपनी संगणकाच्या पडद्यावरची होती आणि ती मी २०२०च्या टाळेबंदीत, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, पुण्यातल्या घरी बसून चालवत होतो.

खेळ भाच्याने आणून दिला. तो म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर गाड्यांचे पार्ट बनवलेत. आता अख्खी गाडी बनवून बघा." भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत १९८१ पासून तेवीस वर्षे माझे छोटे प्रेस शॉप होते. पत्रा कापायचा, वाकवायचा, भोके पाडायची आणि ब्रॅकेट मोटार कंपनीला पोहोचवायचे, हा धंदा. २००४ साली तो मी विकला. का विकला, ते पुढे ओघात येईल. मोटारीतले आपल्याला बरेच कळते, अशा समजुतीत मी खेळायला बसलो आणि सात वर्षांत कंपनी घालवली. ती का गेली याचा शोध घेताना मोटारधंद्याचे जे गणित हाती लागले, ते या लेखात मांडतो आहे.

खेळ कसला आहे

या खेळाचे नाव 'ऑटोमेशन'. न्यूझीलंडमधल्या 'कॅमशाफ्ट सॉफ्टवेअर' या छोट्या कंपनीने तो बनवला आणि २०१५ पासून तो 'स्टीम' या खेळांच्या दुकानावर मिळू लागला. त्यात गाड्यांची शर्यत नाही. आपण १९४६ साली एक कंपनी काढायची आणि जमल्यास ती २०२० पर्यंत टिकवायची. देश काल्पनिक आहेत. पण एकाकडे पाहिले की अमेरिका आठवते, दुसऱ्याकडे पाहिले की जर्मनी. इंजिन आपण आखायचे, गाडी आपण आखायची, कारखाना उभारायचा, किंमत ठरवायची. मग महिने पुढे सरकतात आणि बाजार आपले उत्तर देतो.

धंदा शिकवण्यासाठी खेळ वापरण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५६-५७ च्या सुमारास बड्या अधिकाऱ्यांसाठी संगणकावर चालणारा व्यवस्थापनाचा खेळ तयार करून घेतला होता. एमआयटीमध्ये १९६०च्या आसपास 'बिअर गेम' निघाला. कारखाना, घाऊक व्यापारी आणि दुकानदार यांच्यात मागणीची बातमी उशिरा पोहोचली की गोदामे कशी आधी रिकामी पडतात आणि मग तुडुंब भरतात, हे त्यात दिसते. तो आजही व्यवस्थापनाच्या वर्गात खेळवला जातो. 'ऑटोमेशन' करमणुकीसाठी असला, तरी कूळ तेच.

इंजिन : प्रत्येक सुधारणेची किंमत

खेळाची सुरुवात इंजिनापासून होते. सिलिंडर किती, त्यांची मांडणी कशी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास किती, स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा प्रवास किती, हे सगळे आपण ठरवायचे. मग येतो कॉम्प्रेशन रेशो. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर कितव्या हिश्शावर येते, त्याचे हे प्रमाण. ते जितके जास्त, तितकी त्याच पेट्रोलमधून जास्त ताकद निघते. मी अर्थातच ते वाढवले. पडद्यावर लाल इशारा आला : नॉकिंग.

स्कूटर-मोटारसायकलच्या काळातल्या वाचकांना हा आवाज ओळखीचा असेल. चढावर इंजिन खडखडते, टिकटिक वाजते. दाब आणि उष्णता फार वाढली की ठिणगीने पेटवलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते आणि पिस्टनला हादरे बसतात. पेट्रोल हा ताण किती सोसू शकते, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. खेळात १९४६ सालचे पेट्रोल कमी ऑक्टेनचे असते, म्हणून कॉम्प्रेशन कमीच ठेवावे लागते. प्रत्यक्ष इतिहासातही ऑक्टेन वाढवण्याचा स्वस्त उपाय म्हणून पेट्रोलमध्ये शिसे मिसळले गेले आणि त्या विषारी शिशाला हद्दपार करायला पुढची अनेक दशके लागली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले.

खेळातल्या प्रत्येक खटक्याचे असेच आहे. ॲल्युमिनियमचे इंजिन हलके, पण महाग. जादा कार्ब्युरेटरने ताकद वाढते, पण खर्च आणि देखभालही वाढते. दर्जाची पट्टी उजवीकडे सरकवली की गाडी कमी बिघडते, पण ती आखून व्हायला जास्त महिने लागतात. चांगली गाडी बनवणे तसे सोपे आहे. अवघड आहे ते ठरावीक किमतीत, ठरावीक तारखेला चांगली गाडी बनवणे.

गिऱ्हाईक एकच नसते

माझी पहिली गाडी तांत्रिकदृष्ट्या उत्तम होती, तरी ती खपली नाही. खेळात गिऱ्हाइकांचे गट आहेत. स्वस्त शहरी गाडी हवी असलेले, कुटुंबवाले, माल वाहणारे, हौशी, श्रीमंत. प्रत्येक गट आरामाला, वेगाला, सुरक्षिततेला, प्रतिष्ठेला आणि इंधनखर्चाला वेगवेगळे गुण देतो. माझी गाडी कुटुंबवाल्यांना महाग पडत होती आणि श्रीमंतांना साधी वाटत होती.

या चुकीचा मोठा धडा अमेरिकेच्या इतिहासात आहे. हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' १९०८ साली ८५० डॉलरला आली. १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली आणि एका गाडीच्या सांगाड्याच्या जुळणीचा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. विसाच्या दशकात किंमत ३०० डॉलरच्याही खाली गेली. पण तोवर गिऱ्हाईक बदलले होते. जनरल मोटर्समध्ये आल्फ्रेड स्लोन यांनी खाली शेव्हरोले, वर कॅडिलॅक आणि मध्ये पायऱ्या अशी शिडी उभी केली. हप्त्याने गाडी देणारी वित्तसंस्था कंपनीने १९१९ मध्येच काढली होती. दीड कोटी गाड्या बनवून झाल्यावर १९२७ मध्ये फोर्डना 'मॉडेल टी' बंद करावी लागली. नवी 'मॉडेल ए' त्याच वर्षी डिसेंबरात आली. मधले महिने मुख्य कारखाना गाड्यांविना होता.

कारखाना खातो

मात्र माझी कंपनी बुडाली ती गाडीमुळे नव्हे, कारखान्यामुळे. गाडी खपणारच या खात्रीने मी आधीच मोठा कारखाना बांधला होता.

एक साधे गणित करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका मॉडेलची आखणी, डाय, यंत्रे आणि जुळणीची लाइन यांवर ६०० कोटी रुपये लागले. एका गाडीचे कंपनीला ४ लाख मिळतात आणि तिच्यावरचा माल, मजुरी वगैरे खर्च ३ लाख ४० हजार आहे. म्हणजे प्रत्येक गाडीमागे ६० हजार उरतात. ६०० कोटी भरून निघायला १ लाख गाड्या विकाव्या लागतील. एक लाखावी गाडी विकली जाईपर्यंत कंपनी तोट्यात असते, मग रस्त्यावर तिच्या गाड्या कितीही दिसोत.

खप मंद आहे म्हणून किंमत फक्त २० हजारांनी, म्हणजे पाच टक्क्यांनी उतरवली, तर गाडीमागे ४० हजार उरतात. आता १ लाखाऐवजी दीड लाख गाड्या विकाव्या लागतात. पाच टक्के सूट द्यायची, तर पन्नास टक्के जास्त खप हवा. मी १९५१ मध्ये हेच केले. सूट दिली, खप थोडा वाढला आणि पैसे आधीपेक्षा लवकर संपले.

उत्तर उशिरा येते

खेळात नवे इंजिन आणि नवी गाडी तयार व्हायला काही वर्षे जातात. आज आपण ज्या गिऱ्हाइकासाठी आखतो, ते गाडी निघेल तेव्हा तिथेच असेल याची खात्री नसते.

फोर्ड कंपनीची 'एड्सेल' याचे नेहमीचे उदाहरण. १९५०च्या दशकाच्या मध्यावर मध्यम किमतीच्या गाड्या जोरात खपत होत्या, तेव्हा ती ठरली. बाजारात आली सप्टेंबर १९५७ मध्ये, तेव्हा अमेरिकेत मंदी सुरू झाली होती. तिचे रूप, दर्जा आणि किंमत यांबद्दलच्या तक्रारीही होत्याच. नोव्हेंबर १९५९ मध्ये ती बंद झाली. एकूण सव्वा लाखही गाड्या बनल्या नाहीत.

आपल्याकडची 'नॅनो' वेगळ्या कारणांनी याच गणितात सापडली. पुण्याच्या अभियंत्यांचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता. जानेवारी २००८ मध्ये ती दिल्लीत दाखवली गेली, तेव्हा जगभर कौतुक झाले. सिंगूरचा कारखाना त्याच वर्षी ऑक्टोबरात सोडावा लागला. साणंदचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. सर्वांत चांगल्या वर्षी खप पाऊण लाखाच्या आसपास राहिला. 'सर्वांत स्वस्त' ही ओळखच अडचणीची ठरली, हे रतन टाटांनीही पुढे मान्य केले. सिंगूरच्या जमिनीवर पुरवठादारांचे कारखानेही येणार होते. त्यांनाही तिथून निघावे लागले, याची चर्चा मात्र तेव्हा फार कमी झाली.

ब्रॅकेटवाल्याचे गणित

माझी दुसरी आभासी कंपनी बरी चालली. १९६० च्या सुमारास एक मोठी गाडी आखायला घेतली होती. बाजार लहान गाड्यांकडे झुकतो आहे असे दिसले, म्हणून मी प्रकल्प रद्द केला. थोडे पैसे बुडाले, कंपनी वाचली. भाचा म्हणाला, "बरोबर केलंत मामा." मी खेळ बंद केला आणि गच्चीवर गेलो.

१९९६ मध्ये एका मोटार कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने मला नव्या गाडीच्या सात ब्रॅकेटचे काम दिले होते. कंपनीचे आणि गाडीचे नाव लिहीत नाही. शेड्यूल मोठे होते : तीन वर्षांत १ लाख २० हजार संच. डायचा खर्च १८ लाख रुपये. तो त्यांनी रोख दिला नाही. संचामागे १५ रुपये दरात धरून दिले. १ लाख २० हजार गुणिले १५ म्हणजे बरोबर १८ लाख. कागदावर सगळे चोख. मी बँकेचे कर्ज काढून डाय बनवून घेतले, दोन पॉवर प्रेस आणल्या.

त्यांनी एकूण ३१ हजार संच उचलले. डायचे ४ लाख ६५ हजार वसूल झाले. उरलेले १३ लाख ३५ हजार आणि प्रेसचे हप्ते माझ्या माथी आले. "साहेब, डायचं काय?" असे मी त्या अधिकाऱ्याला अनेकदा विचारले. तो म्हणायचा, "शेड्यूल म्हणजे ऑर्डर नव्हे." कागद त्याच्या बाजूने होता. सहा कामगार कमी करावे लागले. उरलेली वर्षे मी मुख्यतः कर्ज फेडण्यासाठी प्रेस चालवली आणि ते फिटल्यावर शॉप विकले.

इतकी वर्षे मी समजत होतो की त्याने मला फसवले. खेळात त्याच्या खुर्चीच्याही वरच्या खुर्चीत बसल्यावर कळले की खप किती होईल हे त्यालाही ठाऊक नसणार. गाडी आखताना ते कुणालाच ठाऊक नसते. पण हे ठाऊक नसण्याची किंमत कुणी मोजायची, ते आधीच ठरलेले असते. दरात धरलेला डायचा खर्च म्हणजे दिसायला सवलत. प्रत्यक्षात गाडी न खपण्याची जोखीम कंपनीच्या वहीतून पुरवठादाराच्या वहीत जाते. पंधरा रुपये मला नफ्यासारखे वाटले होते. ते मी कंपनीला दिलेले कर्ज होते, तेही बिनव्याजी आणि परतफेडीच्या हमीशिवाय.

खेळात ही वही नाही. तिथे पुरवठादार म्हणजे गाडीच्या खर्चातला एक आकडा. प्रकल्प रद्द केला की जे बुडते ते सगळे माझ्याच ताळेबंदात दिसते. खऱ्या धंद्यात ते भोसरी, चाकण, पिंपरीच्या शेकडो शेडमध्ये थोडेथोडे वाटले जाते आणि कुठल्याच एका ताळेबंदात दिसत नाही. व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांनी असे खेळ जरूर खेळावेत. शिकवणाऱ्यांनी मात्र एका विद्यार्थ्याला ब्रॅकेटवाला करून बसवावे.

माझ्या शॉपमधला एक जुना कामगार आता स्वतःचे छोटे युनिट चालवतो. मागच्या वर्षी एका नव्या गाडीच्या कामाचा प्रस्ताव घेऊन तो माझ्याकडे आला होता. डायचा खर्च पुन्हा दरातच धरलेला. मी त्याला म्हटले, "डायचे पैसे आधी माग. नाहीच दिले, तर ठरलेला माल उचलला नाही तर उरलेली रक्कम एकरकमी देऊ, एवढं तरी लिहून घे." त्याने तसे कळवले. पहिल्यांदा नकार आला. दोन महिन्यांनी निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली दरात, यावर सौदा ठरला. उरलेल्या निम्म्याचे काय होईल, ते गाडी बाजारात आल्यावर कळेल.